नहेम्या गोऱ्हे आणि सर्वांच्या तारणाचा प्रश्न

बाळापूर येथें मन व म्हैस ह्या नद्यांच्या संगमावर जो जुना किल्ला आहे, त्याच्या वाटेनें आम्ही गेल्या पावसाळ्यांत एके रविवारीं उपासनेहून परत येत असतां मंडळींतील एक वृद्ध शेतकरी बंधु आमच्या सोबतीस आले. कांहीं वेळ ते पिकापाण्याविषयीं बोलत राहिले. मग मध्येंच थांबून त्यांनीं विचारिलें कीं, आपले वडील ख्रिस्ताचें नांव कानीं न पडतांच वारले. ते सत्यानें वागले, आणि दारीं आलेल्या भुकेल्यास भाकर दिल्यावांचून कधीं जेवले नाहींत. तर त्यांचें काय झालें असेल? आणि देव जर प्रीति आहे, तर शेवटीं तो सर्वांसच तारणार नाहीं काय? आम्हीं योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांतील छत्तिसावें वचन सांगून चटकन उत्तर दिलें. त्यांनीं मान खालीं घातली, आम्हांस सलाम केला, आणि ते आपल्या वाटेनें गेले.

प्रिय वाचकहो, त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप आली नाहीं. आम्हीं शास्त्रवचन खोटें सांगितलें नव्हतें. परंतु पुत्राचें दुःख ऐकून न घेतां पंडिताचें उत्तर दिलें, ही टोंचणी मनास लागून राहिली. आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत असा एकहि कुटुंबप्रमुख क्वचितच असेल, कीं ज्याच्या मागील पिढींत कोणी ना कोणी बाप्तिस्म्यावांचून गेलेलें नाहीं. आमच्या कॅटेकिस्ट बंधूंना हा प्रश्न चावडीवर, खळ्यावर व प्रेतापाशीं विचारला जातो. म्हणून ह्या प्रश्नाचें ओझें ज्यानें आपल्या जन्मभर वाहिलें, अशा एका महाराष्ट्रीय पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों. तो पुरुष म्हणजे पंडित नहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे.

नीळकंठ ह्यांचा जन्म १८२५ सालीं बुंदेलखंडांत झांशीजवळील काशीपुरा ह्या गांवीं झाला. घराणें कोंकणस्थ ब्राह्मणाचें. घरांत मराठी बोलणें, पण वास्तव्य उत्तर हिंदुस्थानांत. पुढें हें कुटुंब काशीस येऊन राहिलें, व तेथें नीळकंठ ह्यांनीं संस्कृत व्याकरण व न्यायशास्त्र ह्यांचा कसून अभ्यास केला. कोणतेंहि विधान कानीं पडलें कीं त्याचा हेतु काय, दृष्टांत कोणता, व त्यांत दोष कोठें आहे हें पाहावयाचें, अशी न्यायशास्त्राची शिस्त असते. ही शिस्त त्यांच्या अंगीं इतकी मुरली कीं पुढें ख्रिस्ती झाल्यावरहि ती त्यांना सोडून गेली नाहीं. तिनें त्यांस मोठें सामर्थ्य दिलें, आणि मोठें दुःखहि दिलें.

त्या काळीं काशींत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे उपदेश करीत असत. १८४४ च्या सुमारास एकोणीस वीस वर्षांचा हा तरुण शास्त्री त्यांच्याशीं वाद करावयास गेला. तो शिकावयास नव्हे, तर परधर्म खोडून काढावयास गेला होता. स्मिथसाहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनीं त्यास वाचावयास पुस्तकें दिलीं. त्यांत जॉन म्यूर नांवाच्या स्कॉच पंडितानें संस्कृत श्लोकांत लिहिलेला मतपरीक्षा हा ग्रंथ होता. तो प्रथम १८३९ सालीं प्रसिद्ध झाला होता. त्यास उत्तर म्हणून नीळकंठशास्त्री ह्यांनीं शास्त्रतत्त्वविनिर्णय ह्या नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. हा ग्रंथ त्या वेळीं छापला गेला नाहीं. पुढें शंभरांवर वर्षें लोटल्यावर, १९५१ सालीं, तो उज्जैन येथें छापून प्रसिद्ध झाला. म्हणून ख्रिस्ती होण्यापूर्वीं गोऱ्हे ह्यांच्या मनांत काय होतें, तें आज आपणांस कळूं शकतें.

त्यांच्या आक्षेपांत जे मर्मावर बसणारे होते, ते ह्याच विषयाचे. आम्ही ते आमच्या शब्दांत सांगतों. मनुष्याचें आयुष्य साठसत्तर वर्षांचें. तेवढ्यांत तो जें पाप करील तें कितीहि मोठें असलें तरी त्यास माप आहे. मग ज्या शिक्षेस मापच नाहीं, ती न्यायाची कशी? हिंदु शास्त्रांतहि नरक आहेत, परंतु ते भोगून सरतात, आणि जीवास पुन्हां संधि मिळते. दुसरें असें कीं, ज्या देशांत ख्रिस्ताचें नांव कधीं गेलेंच नाहीं, तेथें जन्मास आलेल्यांचा अपराध काय? देवानें एकास मार्ग दाखवावा व दुसऱ्यास दाखवूं नये, हा पक्षपात नव्हे काय? आणि तिसरें असें कीं, सर्व कांहीं आधींच जाणणाऱ्या देवानें, अमका जीव नाशास जाईल हें ठाऊक असतांना, त्यास निर्माण तरी कां करावें?

वाचकहो, हे प्रश्न पाखंडी मनुष्याचे आहेत असें समजून बाजूस टाकूं नका. आमच्या वृद्ध बंधूंनीं किल्ल्याच्या वाटेवर जें विचारिलें, तेंच काशीच्या पंडितानें संस्कृतांत विचारिलें होतें.

सुमारें तीनचार वर्षें त्यांच्या मनाची ओढाताण चालली. ज्या पुस्तकांतील दोष काढावयाचे, तें पुस्तक वाचतां वाचतां प्रभु येशूनें त्यांस धरून ठेविलें. अखेर १८४८ सालच्या मार्च महिन्यांत, जौनपूर येथें, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व नहेम्या हें नांव धारण केलें. काशीसारख्या क्षेत्रांत शास्त्री ब्राह्मणानें ख्रिस्ती होणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. जातीचा, आप्तांचा व मानाचा त्याग त्यांना एकदम करावा लागला. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. सार्वकालिक दंडाविषयींची त्यांची शंका पुरती फिटली, आणि मग ते ख्रिस्ती झाले, असें दिसत नाहीं. कारण त्याच विषयावर त्यांना वीस वर्षांनीं पुन्हां लेखणी हातीं धरावी लागली. एक प्रश्न उरला असतांहि मनुष्य ख्रिस्ताकडे येऊं शकतो, व ख्रिस्त त्यास घेतो, हें ह्या चरित्रांतून शिकावयाचें आहे.

१८५३ सालीं त्यांस कन्या झाली. तिचें नांव लक्ष्मी. थोड्याच काळांत कन्येची माता वारली. मुलीस एका इंग्रज कुटुंबानें वाढविलें. हीच पुढें एलन लक्ष्मी गोऱ्हे ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. तिनें रचिलेलें एक इंग्रजी भक्तिगीत अनेक देशांतील मंडळ्यांत गाइलें गेलें. पत्नीच्या मृत्यूनंतर, १८५४ सालीं, पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग ह्यांजबरोबर त्यांचे शिक्षक म्हणून नहेम्या गोऱ्हे विलायतेस गेले. ज्या देशानें आपणांस सुवार्ता पाठविली त्या देशांत सर्वत्र ख्रिस्ताचें राज्य दिसेल, अशी आशा धरून गेलेल्या ह्या भोळ्या साधूची तेथें पुष्कळ निराशा झाली.

त्या वेळीं इंग्लंडांत हाच वाद पेटलेला होता. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८५३ सालीं, लंडन येथील किंग्ज कॉलेजांत धर्मशास्त्र शिकविणारे फ्रेडरिक डेनिसन मॉरिस ह्यांस आपली जागा गमवावी लागली होती. शास्त्रांत सार्वकालिक ह्या शब्दाचा अर्थ केवळ न संपणारा काळ असा नाहीं. सार्वकालिक जीवन म्हणजे देवास ओळखणें व सार्वकालिक मरण म्हणजे देवापासून तुटणें, असें त्यांनीं प्रतिपादन केलें होतें. मॉरिस ह्यांनीं सर्वांचें तारण निश्चित होईल असें शिकविलें नव्हतें. तरी तेवढ्यावरूनच त्यांची जागा गेली. म्हणजे काशीच्या तरुणानें जो आक्षेप घेतला होता, तो ख्रिस्ती देशांतील मोठमोठ्या विद्वानांसहि सुटला नव्हता.

आणि हा वाद तेव्हांच जन्मास आला होता असेंहि नाहीं. तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील ओरिगेन ह्या महापंडितानें अशी आशा शिकविली कीं, देवाच्या शिक्षा औषधाप्रमाणें आहेत व शेवटीं सर्व जीव शुद्ध होऊन त्याजकडे परत येतील. चौथ्या शतकांत न्यिस्सा येथील बिशप ग्रेगरी ह्यांचें मतहि ह्याच वळणाचें होतें. ह्याच्या उलट ऑगस्टीन ह्यांनीं तें मत जोरानें खोडलें, आणि पुढें ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभेशीं ओरिगेनमताचा निषेध जोडला गेला. तेव्हांपासून मंडळीचा मोठा भाग सार्वकालिक दंडाचीच शिकवण धरून आहे. तरी दुसरी आशा अधूनमधून डोकें वर काढीतच राहिली.

परत आल्यावर गोऱ्हे ह्यांनीं हिंदी भाषेंत षड्दर्शनदर्पण हा ग्रंथ लिहिला. तो १८६० सालीं निघाला, व दोनच वर्षांनीं फिट्झएडवर्ड हॉल ह्या संस्कृतज्ञानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. पुढें कलकत्त्याकडे त्यांचा ब्राह्मसमाजी लोकांशीं वाद झाला. ब्राह्म लोक एक देव मानीत, येशूविषयीं आदर बाळगीत. परंतु सार्वकालिक दंड त्यांस अगदीं मान्य नव्हता. प्रेमळ पिता आपल्या लेकरास सुधारण्यासाठींच शिक्षा करील, असें ते म्हणत. आतां पाहा, देवानें कसा योग आणिला! जो आक्षेप गोऱ्हे ह्यांनीं तरुणपणीं मिशनरी लोकांस घातला होता, तोच आतां त्यांच्यापुढें दुसऱ्याच्या मुखांतून येऊन उभा राहिला. १८६८ सालीं त्यांनीं सार्वकालिक दंडाच्या शिकवणीवरील आक्षेपांविषयीं इंग्रजी भाषेंत एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि मंडळीच्या प्राचीन शिकवणीचें समर्थन केलें. आक्षेपांचें बळ त्यांना दुसऱ्याकडून शिकावें लागलें नाहीं. तें त्यांनीं स्वतः अनुभविलें होतें.

दोन्ही पक्ष शास्त्राचा आधार घेतात, म्हणून आपणहि येथें क्षणभर थांबून तो आधार तपासूं. सर्वांचें तारण होईल असें मानणारे कोणतीं वचनें दाखवितात? पौल रोमकरांस लिहितांना, पांचव्या अध्यायाच्या अठराव्या वचनांत, एका अपराधानें जसा सर्वांवर दोष आला तसें एका नीतिकृत्यानें सर्वांस जीवन आलें असा भाव मांडितो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत, आदामांत सर्व मरतात आणि ख्रिस्तांत सर्व जिवंत केले जातील असें सांगून, शेवटीं देव सर्वांत सर्व होईल येथपर्यंत तो जातो. कलस्सैकरांस पहिल्या अध्यायांत ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील रक्तानें सर्व कांहीं देवाशीं समेट पावण्याविषयीं लिहिलें आहे. तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत सर्व माणसांचें तारण व्हावें ही देवाची इच्छा सांगितली आहे, व चौथ्या अध्यायांत तो सर्व माणसांचा, आणि विशेषेंकरून विश्वासणाऱ्यांचा, तारणारा आहे असें म्हटलें आहे. हीं वचनें लहान नाहींत. तीं शास्त्रांत नाहींतच असें समजून जो उपदेशक बोलेल, तो अर्धेंच शास्त्र सांगतो.

परंतु हींच वचनें पुढें वाचावीं. रोमकरांस पांचव्या अध्यायांत अठराव्या वचनाच्या आधींच्या वचनांत, कृपेचें दान जे स्वीकारितात त्यांच्याविषयीं बोलणें आहे. करिंथच्या पत्रांत बाविसाव्या वचनानंतर लागलेंच, जे ख्रिस्ताचे आहेत ते त्याच्या येण्याच्या वेळीं, असा क्रम लाविला आहे. कलस्सैच्या पत्रांत तेविसाव्या वचनांत विश्वासांत टिकून राहण्याची अट आली आहे. आणि स्वतः प्रभूच्या मुखांतून ज्या सूचना निघाल्या त्या सर्वांहून कडक आहेत. मार्काच्या नवव्या अध्यायांतील न विझणारा अग्नि, लूकाच्या सोळाव्या अध्यायांत श्रीमंत व लाजर ह्यांच्या मधली ओलांडतां न येणारी दरी, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांतील मेंढरें व शेरडें ह्यांची निवड, हें सर्व ज्या मुखानें बोललें, त्याच मुखानें पापी लोकांस विसावा देऊं केला. नरकाविषयींचे कडक शब्द पौलापेक्षां येशूच्या तोंडीं अधिक आहेत. म्हणून येशू दयाळू व त्याचे शिष्य मात्र कठोर, असें म्हणण्यास जागा नाहीं.

१८७० सालीं गोऱ्हे ह्यांस पाळकपदाची पूर्ण दीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांची सेवा मध्य हिंदुस्थानांत व आपल्या महाराष्ट्रांत पुष्कळ झाली. आमच्या विदर्भांतील चांदा येथेंहि त्यांनीं कांहीं काळ काम केलें. १८७६ सालीं ते पुन्हां विलायतेस गेले व ऑक्सफर्डजवळ काउली येथील संत योहानाच्या मठांत नवशिके बंधु म्हणून राहिले. तेथून परत येऊन मुंबई व पुणें येथें त्याच मठाच्या फादरांबरोबर ते सेवा करूं लागले, म्हणून लोक त्यांस फादर गोऱ्हे म्हणत. त्या मठाचीं अखेरचीं व्रतें मात्र त्यांनीं कधीं घेतलीं नाहींत. साधें अन्न, साधीं वस्त्रें, प्रार्थना, आणि भेटावयास येणाऱ्या शंकित माणसाशीं तासन्‌तास संभाषण, असा त्यांचा दिनक्रम असे.

ह्याच वेळीं हा वाद पुन्हां भडकला, आणि ह्या खेपेस त्याची सुरुवात एका मुंबईंत जन्मलेल्या पुरुषाकडून झाली. फ्रेडरिक विल्यम फॅरर हे १८३१ सालीं मुंबईस जन्मले. त्यांचे वडील चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. १८७७ च्या अखेरीस फॅरर ह्यांनीं लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबींत उपदेशमाला दिली, व पुढल्या वर्षीं ती पुस्तकरूपानें निघाली. मरणानंतर कोणासच आशा नाहीं, व मनुष्यजातीचा बहुतेक भाग न संपणाऱ्या यातनेसाठींच आहे, ही लोकांत रूढ झालेली समजूत शास्त्रांतून निघत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तथापि सर्वांचें तारण होणारच असें छातीठोकपणें सांगण्यास तेहि तयार नव्हते. त्यांनीं आशा सांगितली, निश्चय सांगितला नाहीं. १८८० सालीं ऑक्सफर्डचे डॉक्टर पुसी ह्यांनीं त्यांस सविस्तर उत्तर दिलें. त्यांनीं दंडाची शिकवण कायम राखिली. परंतु मनुष्यजातीचा मोठा भाग नाश पावेल असें मानणें हा विश्वासाचा भाग नाहीं, हेंहि त्यांनीं स्पष्ट केलें. गोऱ्हे ज्या पक्षाचे होते त्याचेच पुसी हे पुढारी.

ह्या वादाचा सर्व भार एका ग्रीक शब्दावर आहे, तो आमच्या कॅटेकिस्ट बंधूंनीं समजून घ्यावा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनांत सार्वकालिक हा शब्द दोनदां आला आहे. एकदां दंडास व एकदां जीवनास. मूळ ग्रीक शब्द ज्या धातुरूपापासून आला, त्याचा अर्थ आपल्या युग ह्या शब्दासारखा आहे. म्हणून एक पक्ष म्हणतो कीं, त्याचा अर्थ येणाऱ्या युगाचा दंड असा करावा. त्यास अंत नाहीं असें त्या शब्दांतच आहे असें नव्हे. दंड ह्या अर्थीं तेथें जो ग्रीक शब्द आहे, तो सुधारण्यासाठीं केलेल्या शिक्षेसहि लाविला जात असे, असेंहि ते दाखवितात. दुसरा पक्ष, आणि त्यांत ऑगस्टीन फार पूर्वींच होऊन गेले, असें म्हणतो कीं, एकाच वाक्यांत एकच शब्द दोन ठिकाणीं दोन मापांनीं मोजतां येत नाहीं. दंडास अंत मानाल तर जीवनासहि अंत मानावा लागेल. आमच्या मतें ऑगस्टीन ह्यांचें उत्तर दुसऱ्या पक्षानें पुरतें खोडिलेलें नाहीं. दंड हा थोड्या दिवसांचा आहे असें सांगून लोकांस निर्धास्त करण्याचा अधिकार आम्हांस ह्या वचनानें मिळत नाहीं.

१८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्यांची बुद्धि तीक्ष्ण. ब्राह्म मताकडे त्यांचें मन वळलेलें. फादर गोऱ्हे त्यांच्याशीं नम्रपणें बोलले, व पुढें पत्रानेंहि त्यांच्या शंकांचें निरसन करीत राहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं विलायतेंत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला, आणि ह्या कामीं फादर गोऱ्हे ह्यांचा उपकार त्या पुढें मोकळ्या मनानें सांगत. जो स्वतः शंकांनीं पोळला होता, त्यासच शंकित मनाशीं कसें बोलावें हें ठाऊक होतें.

कारण एक गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाहीं. नहेम्या गोऱ्हे ह्यांच्या शंका बाप्तिस्म्यानें संपल्या नाहींत, दीक्षेनें संपल्या नाहींत, आणि पुस्तक लिहूनहि संपल्या नाहींत. त्या परत परत येत. कधीं कधीं त्यांचें मन अगदीं अंधारांत जाई. त्यांस सुटण्याचे दोन सोपे मार्ग होते. एक म्हणजे प्रभूचे कडक शब्द शास्त्रांतून पुसून टाकावे, व सर्वांचें भलेंच होणार असें म्हणून निवांत बसावें. दुसरा म्हणजे आपलें न्यायप्रिय मन मारून टाकावें, व जगाच्या नाशाची गोष्ट कोरड्या डोळ्यांनीं सांगत फिरावें. त्यांनीं दोन्ही मार्ग धरिले नाहींत. शास्त्र जसें आहे तसें हातीं धरून, व प्रश्न जसा आहे तसा अंतःकरणांत ठेवून, ते प्रभूच्या मागें चालत राहिले. १८९५ च्या आक्टोबरांत मुंबई येथें, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, त्यांची यात्रा संपली. काशीच्या घाटावरून निघालेला पंडित ज्याच्यापुढें जाऊन उभा राहिला, त्या न्यायाधीशाच्या हातांना खिळ्यांच्या खुणा होत्या.

आतां ह्या चरित्रावरून आम्ही आमच्या मंडळ्यांस काय सांगावें?

पहिली गोष्ट ही कीं, सर्वांचें तारण निश्चित आहे असा सिद्धांत शास्त्र आमच्या हातीं देत नाहीं. तें देवाची सर्वांविषयींची इच्छा सांगतें, ख्रिस्ताचें मरण सर्वांसाठीं आहे असें सांगतें, आणि त्याच बरोबर दार बंद होण्याची सूचनाहि देतें. लूकाच्या तेराव्या अध्यायांत एका मनुष्यानें प्रभूस विचारिलें कीं, तारले जाणारे थोडेच आहेत काय. प्रभूनें त्यास संख्या सांगितली नाहीं. थोडे असें म्हटलें नाहीं, सर्व असेंहि म्हटलें नाहीं. अरुंद दारानें आंत जाण्याचा तूं यत्न कर, एवढीच आज्ञा त्यानें दिली. म्हणजे नरकाविषयींचें वचन आपण आपल्या छातीवर ठेवावयाचें आहे, शेजाऱ्याच्या छातीवर नव्हे.

दुसरी गोष्ट ही कीं, ज्यांनीं ऐकलेंच नाहीं त्यांचा न्याय देव ऐकलेल्यांच्या मापानें करीत नाहीं. लूकाच्या बाराव्या अध्यायांत, धन्याची इच्छा ठाऊक असून न करणाऱ्या चाकरास पुष्कळ फटके व ठाऊक नसलेल्यास थोडे, असें प्रभूनेंच सांगितलें आहे. रोमकरांस दुसऱ्या अध्यायांत, नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणांत लिहिलेला नियम व त्यांचें साक्ष देणारें मन ह्यांचा उल्लेख आहे. आणि उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायांत अब्राहामानें सदोमासाठीं रदबदली करितांना ज्या आधारावर हिंमत धरिली, तो आधार अजून आहे: सर्व पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय करणार नाहीं. मेलेल्या माणसाचें नांव घेऊन तो नरकांत आहे असें सांगण्याचा अधिकार कोणाहि कॅटेकिस्टास, पाळकास किंवा बिशपास दिलेला नाहीं.

तिसरी गोष्ट ही कीं, कोणी विचारील, असें जर आहे तर जात सोडून, भाऊबंद सोडून, ख्रिस्ती होण्याचें कारण काय? ह्याचें उत्तर गोऱ्हे ह्यांचें आयुष्यच देतें. सुवार्ता म्हणजे केवळ मरणानंतरच्या शिक्षेपासून सुटका नव्हे. जो पुत्र बापास ओळखतो, त्यास बापाच्या घरीं आजच राहावयास मिळतें. पाण्याचा झरा सांपडलेला मनुष्य, तहानलेल्या गांवास उद्यां कदाचित् पाऊस पडेल म्हणून झऱ्याची वाट दाखविण्याचें टाळीत नाहीं. आपल्या वऱ्हाडांत उन्हाळा काय असतो, हें आम्हीं सांगावयास नको.

चौथी गोष्ट ही कीं, नाशाविषयीं बोलावयाचें झाल्यास पौलासारखें बोलावें. रोमकरांस नवव्या अध्यायाच्या आरंभीं तो आपल्या भाऊबंदांसाठीं स्वतः शापित होण्यासहि तयार होता. ज्यास दुसऱ्याच्या नाशाचें दुःख होत नाहीं, त्यानें त्या विषयावर उपदेश करूं नये.

हें सर्व मनांत आणून आम्ही पुढल्या आठवड्यांत त्या वृद्ध बंधूंच्या घरीं गेलों. मागल्या रविवारीं घाईनें बोललों, म्हणून क्षमा मागितली. मग त्यांच्या वडिलांविषयीं विचारिलें, आणि त्यांनीं जें सांगितलें तें शेवटपर्यंत ऐकून घेतलें. आम्हीं त्यांस असें सांगितलें कीं, तुमचे वडील तारले गेले असें आम्हांस सांगतां येत नाहीं. नाश पावले असेंहि सांगतां येत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं ते आहेत, त्यानें आपला पुत्र जगासाठीं दिला, व तो अन्याय करणार नाहीं, इतकें निश्चयानें सांगतां येतें. तुम्हीं मात्र ऐकलें आहे, तुमच्या पुत्रांनीं व नातवांनीं ऐकलें आहे, त्यांचें काय? ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं आपल्या धाकट्या मुलास हांक मारिली, जो कित्येक महिने उपासनेस आला नव्हता, व आम्हां तिघांनीं तेथेंच ओसरीवर गुडघे टेंकून प्रार्थना केली.

प्रिय वाचकहो, मेलेल्यांस न्यायी पित्याच्या हातीं सोंपवा, आणि जिवंतांकडे जा. अरुंद दार अजून उघडें आहे, व त्यांतून आंत येणाऱ्यास कोणी लोटून देत नाहीं. देव आपणां सर्वांस तसें करण्याची कृपा देवो. आमेन.